चाल उसनी, शब्द स्वतःचे

डिसेंबर २०२० मध्ये बॉब डिलनने आपल्या सहाशेहून अधिक गीतांचे स्वामित्वहक्क युनिव्हर्सल या संगीत-प्रकाशन कंपनीस विकले. व्यवहाराची रक्कम जाहीर करण्यात आली नाही. ती ३० कोटी डॉलरहून अधिक असावी, असा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा अंदाज होता. त्याच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीने घेतल्याचेही पुढे जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पैशाची सत्ता, युद्धाचा व्यापार आणि न्यायासनाचा पक्षपात यांच्यावर ज्याने विशीतच कोरडे ओढले, त्याने आपली वाणी अखेर बाजारात मांडावी, याचा अनेक चाहत्यांना विषाद वाटला. एका आदर्शाचा हा पराभव आहे, असे त्यांनी मानले.

डिलनला असले आरोप नवे नाहीत. साठ वर्षांच्या कारकीर्दीत तीन आरोप त्याच्यावर पुनःपुन्हा करण्यात आले आहेत. तो दुसऱ्यांच्या चाली चोरतो, हा पहिला. ज्या चळवळीने त्याला मोठे केले तिला त्याने वाऱ्यावर सोडले, हा दुसरा. आणि तो विकला गेला, हा तिसरा. या तिन्हींचा विचार केल्याखेरीज त्याच्याविषयीचा आदर डोळस होणार नाही. पहिले दोन आरोप तपासाअंती टिकत नाहीत. तिसऱ्यात मात्र तथ्य आहे. परंतु आरोप करणाऱ्यांना दिसते त्याहून ते वेगळ्या जागी आहे.

खाणीच्या गावाचा मुलगा

डिलनचा जन्म २४ मे १९४१ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील डलूथ येथे झाला. मूळ नाव रॉबर्ट ॲलन झिमरमन. झारच्या साम्राज्यातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांचा हा वंशज. त्याचे बालपण हिबिंग या लोखंडाच्या खाणीवर वसलेल्या गावात गेले. गावाखालीच उत्तम खनिज आहे असे आढळले, तेव्हा १९१९ पासून ते अख्खे गाव दोनएक मैल दक्षिणेस हलविण्यात आले. घरेच्या घरे ओंडक्यांवर चढवून ओढून नेण्यात आली. खाणकंपन्यांकडून मिळालेल्या करातून गावाने जवळजवळ ४० लक्ष डॉलर खर्चून एक भव्य शाळा बांधली. डिलन त्याच शाळेतून १९५९ मध्ये बाहेर पडला. खनिजाने गाव कसे उभे राहते याची साक्ष त्याच्या शाळेच्या भिंती देत होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तम प्रतीचे खनिज सरत आले तेव्हा ते कसे खचू लागते हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता.

या अनुभवाचे गीत १९६४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत आहे. ‘नॉर्थ कंट्री ब्लूज’ हे त्याचे नाव. एका खाणकामगाराची पत्नी त्यात आपली हकीकत सांगते. वडील आणि भाऊ खाणीने नेले. नवऱ्याची पाळी प्रथम निम्म्यावर आली. मग एके दिवशी पूर्वेकडून निरोप आला की इथले खनिज महाग पडते, दक्षिण अमेरिकेत मजूर जवळजवळ फुकट राबतात, म्हणून खाण बंद. पुढे नवरा निघून जातो, आणि मुले मोठी झाली की तीही जाणार हे तिला ठाऊक असते. संपूर्ण गीतात आक्रोश नाही, घोषणा नाही, कोणाला शिव्याशाप नाहीत.

अर्थशास्त्राच्या वर्गात तुलनात्मक लाभाचा सिद्धांत फळ्यावरच्या दोन ओळींत सिद्ध होतो. जेथे वस्तू स्वस्त निघते तेथे ती निघावी, त्यात सर्वांचा फायदा आहे, असे रिकार्डोपासून सांगितले जाते, आणि त्या हिशेबात गणिताची चूक नसते. चूक असते ती त्यात न धरलेल्या रकमेची. एका जागचे काम दुसऱ्या जागी जाते तेव्हा मधल्या काळाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न फळ्यावर उमटत नाही. बावीस वर्षांच्या पोराने तो प्रश्न एका बाईच्या तोंडी घातला, आणि तोही जागतिकीकरण हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी. त्याच ध्वनिमुद्रिकेत ‘हॉलिस ब्राऊन’ हे दुसरे गीत आहे. साउथ डाकोटातील एक निष्कांचन शेतकरी भुकेलेल्या बायकामुलांना व स्वतःला गोळी घालून संपवतो, एवढीच त्याची कथा. ती महाराष्ट्रातील वाचकास उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

ही दृष्टी तरुणपणाबरोबर ओसरली असेही झाले नाही. १९८३ मधील ‘युनियन सनडाऊन’ या गीतात घरातील एकेक वस्तू कोठल्या परदेशात तयार झाली याची यादी आहे, आणि त्या यादीतून अमेरिकन कामगार व त्याच्या संघटना यांची अखेर आपोआप उभी राहते. १३ जुलै १९८५ रोजी आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी भरलेल्या ‘लाइव्ह एड’ या जलशात त्याने रंगमंचावरून सुचविले की, या निधीतील थोडा पैसा बँकांच्या कर्जाखाली दबलेल्या अमेरिकन शेतकऱ्यांसाठी वापरता आला तर बरे होईल. औचित्यभंगाबद्दल त्याच्यावर टीका झाली. परंतु त्याच उद्गारावरून स्फूर्ती घेऊन विली नेल्सन, नील यंग व जॉन मेलनकॅम्प यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये ‘फार्म एड’ हा उपक्रम सुरू केला.

चालींचे गायरान

जानेवारी १९६१ मध्ये डिलन न्यूयॉर्कला आला, तो मुख्यतः वुडी गथ्री या लोकगायकाच्या ओढीने. गथ्री त्या वेळी मज्जातंतूंच्या असाध्य विकाराने न्यू जर्सीतील रुग्णालयात पडून होता. डिलन त्याच्या उशाशी बसून त्याचीच गाणी त्याला ऐकवीत असे. मार्च १९६२ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील तेरा गीतांपैकी केवळ दोन त्याची स्वतःची होती. बाकीची परंपरेतील वा इतरांची. त्या दोहोंपैकी एक गथ्रीला उद्देशून लिहिलेले असून त्याची चालही गथ्रीचीच आहे. १९१३ च्या नाताळात मिशिगनमधील तांब्याच्या खाणीतील संपकऱ्यांच्या मेळाव्यात चेंगराचेंगरी होऊन ७३ जीव गेले, त्या घटनेवरील गीताची ती चाल. गुरूला वंदन करायचे ते गुरूच्याच सुरात, आणि तो सूरही मेलेल्या कामगारांच्या आठवणीचा!

पुढेही हा क्रम चालू राहिला. ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’चा सांगाडा त्याने लंडनमध्ये मार्टिन कार्थी या गायकाकडून ऐकलेल्या एका जुन्या इंग्रजी गीतावरून घेतला. ‘मास्टर्स ऑफ वॉर’ची चाल अशीच प्राचीन. ‘विथ गॉड ऑन अवर साइड’ची चाल आयर्लंडच्या डॉमिनिक बीअनच्या गीतासारखी निघाली तेव्हा बीअन संतापला, पण बीअननेही ती एका पारंपरिक गीतावरूनच उचललेली होती. ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ या १९६२ मधील गीताची प्रश्नोत्तरांची बांधणी शतकानुशतके गायिल्या जाणाऱ्या ‘लॉर्ड रँडल’ या पोवाड्याची आहे. तेथे आई मुलाला विचारते, तू कोठे होतास. आणि विष पोटात गेलेला मुलगा उत्तरे देतो. डिलनने तो साचा घेतला आणि मुलाच्या डोळ्यांसमोर साऱ्या जगाचा विषारी देखावा मांडला. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचे संकट उद्भवण्यापूर्वी काही आठवडे हे गीत गायिले गेले होते. त्या ऑक्टोबरात मात्र ते त्या संकटासाठीच लिहिले असावे असे लोकांना वाटू लागले.

याला चोरी म्हणणाऱ्यांनी लोकगीताचा व्यवहार समजून घेतलेला नाही. लोकगीताची चाल ही गावच्या गायरानासारखी असते. तेथे कोणाचीही गाय चरू शकते. अट एवढीच की कुरण उजाड करायचे नाही आणि कुंपण घालायचे नाही. प्रत्येक पिढी मागल्या पिढीची चाल उचलते, तीत आपल्या काळचे दुःख भरते व पुढल्या पिढीच्या हाती देते. गथ्रीने हेच केले होते. निर्मिती ही शून्यातून होते हा समज मुळात ग्रंथप्रकाशनाच्या व्यवसायाबरोबर बळावलेला आहे. तथापि एक भेद करावयास हवा. २००१ पासूनच्या डिलनच्या काही गीतांत जपानी लेखक जुनिची सागा आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवी हेन्री टिमरॉड यांच्या शब्दांशी निकटचे साम्य आढळले. लोकांची चाल घेणे आणि एका नामवंत लेखकाचे शब्द नाव न घेता वापरणे या दोहोंना एकच न्याय लावता येणार नाही. दुसऱ्या प्रकाराचे समर्थन करण्याचा चाहत्यांचा उत्साह आवरता घेतलेलाच बरा.

मात्र डिलनने गायरानातून घेतले त्याहून अधिक त्यात टाकले, हे विसरता येत नाही. ‘ब्लोइंग इन द विंड’ ऐकून कृष्णवर्णीय गायक सॅम कुक अस्वस्थ झाला. एका गोऱ्या मुलाने असे गीत लिहावे आणि आपण लिहू नये, या खंतीतून त्याचे ‘अ चेंज इज गॉना कम’ जन्मले. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सने ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ असे काही वाजविले की, पुढे डिलन स्वतःच ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी जाहीर झालेल्या नोबेल पारितोषिकाच्या मानपत्रात अमेरिकन गीतपरंपरेत नवी काव्याभिव्यक्ती घडविल्याचा उल्लेख आहे. परंपरा हा शब्द तेथे शोभेसाठी आलेला नाही. गीताला साहित्य म्हणावे काय, हा त्या वेळी रंगलेला वाद तर भारतीय वाचकास काहीसा चमत्कारिकच वाटावा. १९१३ मध्ये हेच पारितोषिक मिळविणारे रवींद्रनाथ आपल्या कविता गात असत.

प्रवक्तेपणाचे ओझे

दुसरा आरोप चळवळीच्या विश्वासघाताचा. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी निघालेल्या विराट मोर्चात, ज्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते विख्यात भाषण झाले त्या दिवशी, डिलनही गायिला. योगायोग असा की, त्याच दिवशी मेरीलँडच्या एका न्यायालयाने हॅटी कॅरोल या ५१ वर्षांच्या कृष्णवर्णीय मोलकरणीच्या मृत्यूस कारण झालेल्या धनाढ्य गोऱ्या तरुणास सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. डिलनने त्यावर गीत लिहिले. त्यात तो श्रोत्यांना शेवटपर्यंत अश्रू आवरायला सांगतो. प्रहार झाला तेव्हा नाही, ती गेली तेव्हाही नाही. न्यायमूर्तींनी निकाल वाचला की मग रडा. अन्याय हा गुन्हेगाराच्या हातात असतो त्यापेक्षा व्यवस्थेच्या शिक्क्यात अधिक असतो, हे इतक्या संयमाने सांगणारे दुसरे गीत शोधावे लागेल.

अशा कवीला चळवळीने आपला प्रवक्ता मानावे, हे स्वाभाविक होते. त्याने ते नाकारले. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन वाद्यवृंदासह उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. मे १९६६ मध्ये मँचेस्टरच्या सभागृहात एका श्रोत्याने त्याला ‘ज्युडास’ म्हणून हाक मारली. ख्रिस्ताला पकडून देणाऱ्या शिष्याचे हे नाव! गुन्हा कोणता, तर लाकडी गिटार टाकून विजेची गिटार हाती घेतली, आणि सर्वांच्या दुःखाऐवजी एकट्या माणसाच्या गोंधळाविषयी गाऊ लागला.

चळवळीला कर्ण्याची गरज असते. पण कवीला कर्णा बनविले की काही दिवसांत कर्णाही बेसूर होतो आणि कवीही हातचा जातो. डिलनने चळवळीसाठी लिहिलेली गीते परत मागितली नाहीत. ती मोर्चांत, तुरुंगांत, शाळांत गायिली जातच राहिली. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना तो मोर्चांत दिसला नाही, हे खरे आहे, आणि त्याचा आवाज त्या वेळी हवा होता असे म्हणणाऱ्यांचे दुःखही खोटे नाही. तरी १ ऑगस्ट १९७१ रोजी, वर्षानुवर्षांच्या एकांतवासातून बाहेर येऊन, बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उभा राहिला. त्या मंचावर रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांचे वादन झाले होते. १९७५ मध्ये खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या रुबिन कार्टर या मुष्टियोद्ध्यासाठी त्याने गीत लिहिले. पुढे १९८५ मध्ये न्यायालयाने कार्टरची शिक्षा रद्द ठरविली. म्हणजे त्याने सोडली ती नेमणूक. विवेक त्याने सोडलेला नव्हता.

देणे कोणाचे?

आता विक्रीचा प्रश्न. २०२० मध्ये व्याजाचे दर शून्याच्या आसपास आले होते. दर उतरले की भावी उत्पन्नाची आजची किंमत चढते. त्यामुळे जुन्या गीतांचे वर्षानुवर्षे येणारे मानधन हे गुंतवणूकदारांना सरकारी रोख्यांहून आकर्षक वाटू लागले. त्यातच साथीमुळे जलसे बंद पडले होते. स्वरचित गीतांच्या विक्रीस भांडवली नफ्याच्या सवलतीच्या दराने कर भरण्याची मुभा अमेरिकन कायद्याने २००६ पासून दिली आहे. नील यंगने आपल्या गीतांचे निम्मे हक्क आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने आपले हक्क याच सुमारास विकले. एकोणऐंशी वर्षांच्या गृहस्थाने आपली मालमत्ता चढ्या भावात विकून वारसांची निरवानिरव करावी, यात पापाचा लवलेश नाही. कलावंताने दरिद्रीच राहावे ही अपेक्षा बहुधा पगारदारांचीच असते.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती एकाच गीतावरून स्पष्ट होते. ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या कृष्णवर्णीय गुलामांच्या स्तोत्रावर आधारलेली आहे, हे डिलनने स्वतः १९७८ मध्ये मान्य केले. लिलावाच्या ज्या चौथऱ्यावर माणसे उभी करून विकली जात, त्या चौथऱ्यापासून सुटलेल्या माणसांचे ते गाणे. कोणी रचले, कोणी प्रथम गायिले, याची नोंद कोठेही नाही; ज्यांना स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती, त्यांना चालीची मालकी कोण देणार? कायद्याच्या दृष्टीने ती चाल बेवारस ठरली. तिच्यावर ज्याने शेवटी हात फिरविला त्याच्या नावे सातबारा झाला. आणि तो उतारा २०२० मध्ये कोट्यवधी डॉलरच्या व्यवहारात एका कंपनीच्या नावे फिरला. अमेरिकन कायद्यानुसार अशा जुन्या गीतावरील हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. गायरानात सर्वांबरोबर चरलेल्या गाईचे दूध विकण्यास हरकत नाही. पण येथे गायरानाच्याच एका तुकड्याला कुंपण पडले आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. ‘वी शॅल ओव्हरकम’ हे गीत आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ‘हम होंगे कामयाब’ या रूपाने पाठ आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि संपकरी कामगारांतून ते वर आले. कोणी व्यापारी ते बळकावील या भयाने पीट सीगर आदींनी १९६० च्या सुमारास त्याची नोंद आपल्या नावांवर केली. परंतु मानधन स्वतः न घेता ते टेनेसीतील हायलँडर या संस्थेच्या निधीकडे वळविले आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कार्यासाठी ठेवले. न्यायालयीन वादानंतर २०१८ मध्ये ते गीत सर्वांसाठी मोकळेही झाले. मालकी आणि ऋण यांची सांगड घालता येते, याचा हा पुरावा. डिलनलाही ही वाट अनोळखी नाही. २००९ मधील नाताळगीतांच्या ध्वनिमुद्रिकेचे आपले मानधन त्याने भुकेल्यांना अन्न पुरविणाऱ्या संस्थांना कायमचे देऊन टाकले आहे.

जे एका ध्वनिमुद्रिकेबाबत शक्य झाले ते पारंपरिक चालींवर उभ्या असलेल्या पाचपन्नास गीतांबाबत अशक्य का असावे? त्यांच्या उत्पन्नाचा एक ठरावीक अंश, ज्या समाजांनी त्या चाली जपल्या त्यांच्या संगीतशिक्षणासाठी व त्यांच्या गाण्यांच्या जतनासाठी द्यावा, एवढीच मागणी आहे. डिलनने विक्रीपूर्वी ती तरतूद केली असती तर त्याच्या कीर्तीला ते शोभले असते. आता ती जबाबदारी उतारा ज्यांच्या नावे आहे त्यांची. आणि या तजविजीची वाट एकेका कलावंताच्या औदार्याने दाखविली, तरी ती कायम करण्याचे काम कायद्याचे आहे. शेवटच्या हाताला सर्वस्व आणि पहिल्या हातांना काहीच नाही, ही विभागणी कोणत्याही अर्थशास्त्राला न्याय्य म्हणता येणार नाही.

याने डिलनचा मोठेपणा उणा होत नाही. नोबेल पारितोषिकाच्या समारंभास तो गेला नाही. १० डिसेंबर २०१६ रोजी त्याच्या वतीने पॅटी स्मिथने ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ गायिले. मध्येच ती शब्द विसरली, क्षमा मागून थांबली आणि पुन्हा गाऊ लागली. त्या भरजरी सभागृहात कवी नव्हता, पदक घेणारे कोणी नव्हते. जुन्या पोवाड्याच्या साच्यातले एक गीत तेवढे दुसऱ्याच्या तोंडी चालू होते. गाणारा बदलतो, शब्द अडखळतात, आणि गाणे पुढे जाते. ज्याने हे गायरान आपल्या शब्दांनी हिरवे केले त्याला वंदन करावे, आणि त्याच वेळी त्या कुरणाची पहिली मशागत ज्या अनाम हातांनी केली त्यांचे देणे अद्याप फिटलेले नाही, याचीही नोंद ठेवावी.